कुंपणांतला मृग

गेल्या पंधरवड्यांत आमच्या पुतण्याचें दक्षिण आफ्रिकेहून पत्र आलें. हल्लींच्या काळांत पत्र म्हणजे कागदच असतो असें नाहीं. तें नातवाच्या हातांतल्या यंत्रावर आलें आणि त्यानेंच तें ओसरीवर सर्वांना मोठ्यानें वाचून दाखविलें. मजकुराचा आरंभ मात्र 'तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार' असा जुन्या वळणाचा होता, हें कौतुकानें नमूद करावेंसें वाटतें.

हा पुतण्या पाणी उपसण्याच्या यंत्रांचा जाणकार. एका खासगी रानांत विहिरींवर पंप बसविण्याच्या कामासाठीं त्याला तीन आठवडे राहावें लागलें. त्या देशांत अशा रानाला 'गेम फार्म' म्हणतात. अर्थ करावयाचा तर शिकारीच्या जनावरांचें शेत. आणि शेत हाच शब्द तेथें खरा आहे. पूर्वीं ज्या जमिनीवर गुरें वा मेंढ्या चरत, त्या जमिनीवर आतां इंपाला, कुडू, झेब्रे आणि रानम्हशी राखतात. भोंवतीं आठ फूट उंचीचें तारांचें कुंपण. उजाडण्यापूर्वीं मालक कुंपणाची फेरी करतो, कारण तेथलें सुळेवालें रानडुक्कर रात्रींतून तारेखालीं उकरून वाट करतें आणि त्या वाटेनें इतर प्राणीहि बाहेर पडतात. मग पाण्याचे हौद पाहावयाचे. कोरड्या ऋतूंत पाणी आटलें तर जनावर मरतें आणि जनावराबरोबर मालकाचें भांडवल मरतें. अधूनमधून मोजदाद करावयाची. कांहीं जनावरें लिलावांत विकावयाचीं, कांहीं पाहुण्यांना दाखवावयाचीं, कांहीं शिकाऱ्यांना पैसे घेऊन मारूं द्यावयाचीं, आणि कांहींचें मांस बाजारांत पाठवावयाचें. हें शेवटलें वाक्य लिहितांना पुतण्यानें आपल्या घराची आठवण ठेवून पुढें कंसांत 'क्षमा असावी' असें घातलें होतें.

मुलांना सिंहाची चौकशी करावयाची होती. आमच्या थोरल्या वहिनी गवार मोडीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करतां विचारलें, "पण भावजी, हीं जनावरें कोणाचीं?"

प्रश्न बायकी म्हणून कोणी सोडून देऊं नये. तेथील कायदेमंडळासहि तो पडला होता. १९९१ सालीं त्यांनीं असा कायदा केला कीं, पुरेसें कुंपण घातलेल्या जमिनीवर राखलेलें जनावर त्या मालकाचें. आणि तें कुंपणाबाहेर पळालें, तरी तेवढ्यामुळें त्याची मालकी जात नाहीं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्याची दृष्टि अगदीं उलट. रानांतला सांबर कोणा एकाचा होऊंच शकत नाहीं. अभयारण्यांत त्याचें गळून पडलेलें शिंगसुद्धां उचलून घरीं आणतां येत नाहीं, तें सरकारचें. आम्ही हें समजावून सांगितलें. वहिनी म्हणाल्या, "बरें. परवां आपल्या परसांत येऊन गवा मोडून गेला, त्या केळी कोणाच्या?"

आमच्या छत्तीस वर्षांच्या शिक्षकीपेशांत ज्या प्रश्नांना आम्हीं 'पुढील तासास सांगूं' असें उत्तर दिलें, त्यांपैकींच हा एक झाला. हा महिना त्या पुढील तासाचा समजावा.

आधीं एका गैरसमजाचें निरसन करतों, कारण नातू पत्र वाचतांना प्रत्येक ठिकाणीं 'हरिण' म्हणत होता. आपल्या चितळासारखें किंवा सांबरासारखें, दर वर्षीं शिंगें गाळून नवीं उगवणारें जनावर सहाराच्या दक्षिणेस मूळचें नाहींच. तिकडचे इंपाला आणि कुडू हे आपल्या काळविटाच्या कुळांतले. त्यांचीं शिंगें पोकळ, जन्मभराचीं आणि न गळणारीं. संस्कृतांत पाहूं गेल्यास 'मृग' हा शब्द फार मोठ्या घरचा आहे. मूळ अर्थ रानांतलें कोणतेंहि जनावर. म्हणून तर सिंह मृगराज, माकड शाखामृग, आणि कोणत्याहि प्राण्याची शिकार ती मृगया. पुढें शब्द आक्रसत गेला आणि हरिणापुरता उरला. रानाचेंहि तसेंच झालें, पण त्याकडे पुढें येऊंच.

कुंपण म्हणजे केवळ लोभ, असें म्हणण्याचा मोह आम्हांस झाला होता. परंतु तें न्यायाचें होणार नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत गोऱ्या वसाहतवाल्यांनीं बंदुकीनें इतकें रान साफ केलें कीं, क्वागा नांवाचा झेब्र्याचा एक प्रकार पार नाहींसा झाला. त्यांतला शेवटचा १८८३ सालीं ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत मेला. बोंटेबोक नांवाच्या मृगाचीहि तीच गत व्हावयाची. पण एकोणिसाव्या शतकांत कांहीं शेतकऱ्यांनीं उरलेसुरले प्राणी आपल्या कुंपणांत घेतले, आणि त्या बियाण्यावर १९३१ सालीं अवघ्या सतरा जनावरांचें राष्ट्रीय उद्यान उभें राहिलें. आज ती जात जगांत आहे. आपला काळवीटहि असाच. पाकिस्तानांत तो संपला, तेव्हां १९७० सालीं त्याला पुन्हां आणावयाचें कोठून, तर अमेरिकेंतल्या टेक्सासच्या कुरणांतून! तेथल्या जमीनदारांनीं शिकारीच्या हौसेनें तो पाळला होता. शिकाऱ्याच्या हौसेनें एखादी जात जगावी, हें विधात्याचें विनोदीपण म्हणावें लागेल.

आतां आमच्या घरीं येऊं.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं कोयनानगर पाहिलें असेल तें धरणाच्या निमित्तानें. आमचे वडील १९५७ सालीं बांधकामावर कारकून म्हणून येथें आले आणि पुढल्याच वर्षीं आमचा जन्म झाला. येथला पाऊस वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरच्या घरांतला. आषाढ-श्रावणांत कपडे चुलीवर वाळवावे लागतात आणि पुस्तकांना बुरशी येते. आमच्या अमरकोशाची पाठ तिनेंच खाल्ली. पाऊस सरला कीं रान खालीं उतरतें. पहाटे वानरांची टोळी घरावरून जाते, तेव्हां कौलांचा हिशेब करावा लागतो. हुंबरळीच्या बाजूला मोठ्या झाडांच्या शेंड्यांवर शेकरूचीं घरटीं दिसतात. तांबूस पाठीची, हातभर शेपटीची ही खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, आणि तिचें खाली उतरणें इतकें दुर्मिळ कीं, आमच्या साऱ्या आयुष्यांत आम्हीं तिला जमिनीवर दोनदांच पाहिलें. पिसोरी तर त्याहून लाजरी. सशापेक्षां फारशी मोठी नसलेली, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असलेली ही मृगी रात्रीं पाचोळ्यांतून जाते तेव्हां पानसुद्धां वाजत नाहीं. बिबट्याचें म्हणावें तर तो आमचा जुना शेजारी. कुत्रीं कमी झालीं कीं तो येऊन गेला असें समजावें. पावसाळ्यांत जळवा, आणि त्यांची तक्रार करण्यांत अर्थ नाहीं.

पण येथला धनी म्हणाल तर गवा. संस्कृत कोशांत गवय आणि गौर हे शब्द वाचले तेव्हां हा प्राणी केवढा असतो याची आम्हांस कल्पना नव्हती. खांद्याशीं पुरुषभर उंची, पूर्ण वाढलेल्या नराचें वजन हजार किलोच्या आसपास, आणि एवढ्या काळ्या धुडाला गुडघ्यांपासून खालीं स्वच्छ पांढरे मोजे घातलेले. तो सहसा अंगावर येत नाहीं. तो नुसता पाहत उभा राहतो. आणि त्याच्या त्या पाहण्यापुढें माणसाला आपण कोणाच्या तरी अंगणांत न विचारतां शिरलों आहों असें वाटूं लागतें.

तें वाटणें कितपत खरें, हाच येथला पेंच आहे. हें रान नेहमीं असेंच नव्हतें. कोयनेच्या या खोऱ्यांत माणसांचीं गांवें होतीं, भातखाचरें होतीं, डोंगरावर नाचणी होती. धरणाचें पाणी चढूं लागलें तसें शंभराच्या घरांत गांवें उठलीं. हजारों कुटुंबें सोलापूर, सांगली, ठाणें, रायगड अशा दूरदूरच्या मुलुखांत गेलीं. १९६४ सालीं धरण पुरें झालें आणि शिवसागर भरला. मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आली. आम्ही त्या वेळीं नऊ वर्षांचे होतों. चार वाजून गेले होते. आईनें आम्हांला पांघरुणासकट उचलून बाहेर फेंकलें एवढेंच आठवतें, आणि नंतर अंधारांत धुळीचा वास. भूकंपानें सुमारें १८० माणसें गेलीं आणि कोयनानगरांतलीं बहुतेक घरें बसलीं. पुढें १९८५ सालीं जलाशयाच्या भोंवतींचें रान अभयारण्य झालें. ४२३ चौरस किलोमीटर. २०१० सालीं तें दक्षिणेच्या चांदोलीस जोडून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांतहि आमच्या कोयनेची गणना होते. म्हणजे आज प्रवासी ज्याला आदिम अरण्य म्हणून हात जोडतात, त्याच्या कांहीं भागांत आमच्या बाळपणापर्यंत पाळणे हालत होते.

ह्या संबंधांत आमच्या एका मित्राची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अध्यापक विद्यालयांत हा आमच्या शेजारच्या खाटेवर असे. बोलणें सोलापूरकडचें, भाकरी कडक, आणि पाऊस पाहून हरखणारा. एके दिवशीं आमच्या गांवाचें नांव ऐकतांच तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "आम्ही तिथलेच." तो तीन-चार वर्षांचा असतांना त्यांचें गांव उठलें होतें. खाचरें पाण्यांत गेलीं. घराचा चौथरा मात्र उंचावर असल्यानें राहिला. त्यांची ग्रामदेवता तेथेंच आहे. वर्षांतून एकदां, फाल्गुनांत, ते लोक बैलगाड्यांच्या दिवसांत चार दिवसांचा आणि आतां मोटारीनें एका दिवसाचा प्रवास करून तिची ओटी भरावयास येतात.

चार वर्षांपूर्वीं त्यांच्याबरोबर आम्हीहि गेलों. चौकींत नांवें लिहून, किती माणसें, किती वाजतां परत, हें सांगून परवानगी घ्यावी लागली. नियम आहे, आणि नियम योग्य आहे असें आम्हीं त्यास म्हटलें. तो मान डोलावून पुढें चालूं लागला. दीड तास चढल्यावर चौथरा आला. जोत्याचे दगड, पाट्याचा तुकडा, आणि मागल्या परड्यांत एक अवाढव्य फणस. त्याच्या आज्यानें लाविलेला. बुंध्याच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे उभे ओढलेले होते, खालीं सांबराच्या लेंड्या, आणि जेथें पूर्वीं वरची नाचणी होत असे त्या पट्टींत आतां दाट गवत आणि गव्यांच्या खुरांचे ताजे ठसे. उठलेल्या गांवांचीं पडीक शेतें हींच ह्या रानांतलीं उत्तम कुरणें आहेत, आणि गवे तेथेंच जमतात. वनखात्याची माणसेंहि हें सांगतात. मित्र फणसाला टेंकून बसला. मग हंसून म्हणाला, "गुरुजी, आम्ही लावलं, अस्वल खातंय. खाऊं दे. पण मला आत यायला चिठ्ठी लागते, त्याला लागत नाहीं, एवढंच." ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं.

ही हकीकत पत्राच्या निमित्तानें पुन्हां आठवली, आणि नातवानें हट्ट धरला कीं, कुंपणांतलें रान आपल्याकडे नाहींच काय? आहे. तें फार दूरहि नाहीं. कऱ्हाडच्या पुढें सांगली जिल्ह्यांत यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव देवराष्ट्रें आहे, आणि त्याच्या लगत सागरेश्वर. लहानमोठ्या शिवालयांचा पुरातन समूह, श्रावणी सोमवारीं गर्दी, आणि त्यामागच्या डोंगरांवर पावणेअकरा चौरस किलोमीटरांचें अभयारण्य. गेल्या महिन्यांत मुलांना घेऊन आम्ही तेथें जाऊन आलों.

कोयनेहून जाणाऱ्याला सागरेश्वर पाहून आश्चर्य वाटतें. तेथला पाऊस आमच्या पावसाच्या नखाइतका. एके काळीं ते डोंगर उघडे होते, गवताच्या काडीपलीकडे त्यांच्यावर कांहीं नव्हतें. मोहित्यांच्या वडगांवचे धों. म. मोहिते यांनीं झाडें लावण्याचा ध्यास घेतला, लोकांना कामाला लाविलें, सरकारचा पिच्छा पुरविला. त्यांतून रान उभें राहिलें. तें जाळीनें वेढलें. आणि मग त्यांत सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले. १९८५ सालीं तें अभयारण्य जाहीर झालें. मानवी हातांनीं घडविलेलें अभयारण्य म्हणून त्याची ख्याति आहे, आणि ती यथार्थ आहे. आमच्या पुतण्यानें वर्णिलेले बहुतेक सर्व व्यवहार तेथें दिसतात: कुंपणाची देखरेख, उन्हाळ्यांत पाणवठ्यांत पाणी घालणें, गणना. दिसत नाहींत ते दोनच, लिलाव आणि बंदूक.

संध्याकाळीं एका उतारावर आम्हांला काळवीट दिसला. पाठ शाईसारखी काळी, पोट आणि डोळ्यांभोंवतालचीं वर्तुळें शुभ्र, आणि शिंगांना मळसूत्रासारखे पीळ. साठी उलटलेल्या संस्कृताच्या मास्तरानें कृष्णसार पहिल्यांदा उघड्यावर पाहिला, हें सांगावयास लाज वाटत नाहीं. आणि पाहिल्याबरोबर मनुस्मृतींतलें तें स्थळ आठवलें. मनूनें यज्ञास योग्य देश कोणता हें सांगतांना नदी किंवा नगर सांगितलें नाहीं. कृष्णसार मृग जेथें स्वभावतः हिंडतो तो देश, असें म्हटलें. कुल्लूकभट्ट टीकेंत 'स्वभावतः' ह्या शब्दापाशीं थांबतो आणि खुलासा करतो कीं, स्वभावतः म्हणजे आपण होऊन राहणारा. बळानें आणलेला नव्हे. विद्यार्थिदशेंत आम्हांला ही टीप निरुपयोगी वाटली होती. हरणाला बळानें आणावयास कोण बसलें आहे, असें आम्हीं गुरुजींना विचारलेंहि होतें!

आतां ह्या उतारावर उभें राहून आम्हांला कळेना कीं, समोरचा मृग कोणत्या सदरांत घालावा. त्याचे पूर्वज पिंजऱ्यांतून आले हें खरें. पण हा येथेंच जन्मला. दुसरा देश त्यानें पाहिलेला नाहीं. त्याच्या लेखीं जाळी ही क्षितिजाइतकीच जुनी. कुल्लूकाला विचारतां आलें असतें तर आम्हीं हेंच विचारलें असतें कीं, महाराज, किती पिढ्यांनंतर आणलेला हा स्वभावतः होतो? आणि मग तो सोलापूरकडचा मित्र, ज्याचीं नातवंडें आतां काळ्या मातीलाच घर म्हणतात, तो कोणत्या सदरांत? आणि नोकरीपायीं येथें आलेल्या कारकुनाचे चिरंजीव, म्हणजे आम्ही?

कुंपणाचा आणखी एक गुण-दोष तेथें समजला. आंत वाघ नाहीं, त्यामुळें चितळांची संख्या वाढते. गवत मात्र तितकेंच राहतें. मग जाळीची फट शोधून तीं बाहेरच्या पिकांत जातात आणि शेतकरी कावतो. उलट चांदोलीच्या रानांत रान आहे, पण वाघाला पुरेल इतकें खाद्य नाहीं. तेव्हां इकडचीं जनावरें तिकडे न्यावीं असें ठरलें, आणि सागरेश्वरचीं चितळें चांदोलीस नेण्यांत आलीं. तीं कशीं धरतात हें ऐकण्याजोगें आहे. हरणाला माणसाचा हात लागला तर तें भीतीनें मरतें. धांवून धांवून स्नायूच नासतात. म्हणून नरसाळ्याच्या आकाराची लांबच लांब आडोशाची भिंत उभी करतात, रुंद तोंडाशीं चारा ठेवतात, जनावरांना त्या जागेची संवय होऊं देतात, आणि मग हळूहळू निमुळत्या बाजूनें तीं आपल्या पायांनीं गाडींत चढतात. सुई नाहीं, दोर नाहीं. ह्या पद्धतीला बोमा म्हणतात, आणि हा शब्द आफ्रिकेंतला, गुरांच्या आवाराचा. आमच्या डोंगरावरचे धनगर रात्रीं जनावरें कोंडण्यासाठीं कांट्याकुट्यांचा वाडा घालतात, तसलाच तो. पुतण्या तिकडे पंप घेऊन गेला आणि तिकडचा वाडा इकडे आला. देवघेव बरी झाली म्हणावयाची.

देवघेव एवढ्यावर थांबलेली नाहीं. आपल्या देशांतला चित्ता संपल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें होतें. २०२२ च्या सप्टेंबरांत नामिबियाहून आठ आणि पुढल्या फेब्रुवारींत दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते मध्य प्रदेशांतल्या कुनोच्या रानांत आणले गेले. आणि आमच्या सह्याद्रींत वाघ. वासोट्याच्या किल्ल्याला व्याघ्रगड म्हणतात, तें कांहीं उगीच नव्हे. पण कित्येक वर्षें प्रकल्प व्याघ्रांचा आणि व्याघ्राचा मात्र पत्ता नाहीं, अशी स्थिति होती. २०२३ च्या डिसेंबरांत झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांत एक नर उमटला. तो कोणी न आणतां, डोंगराच्या कडेकडेनें आपला आपण आला होता. कुल्लूकाच्या मतें तोच खरा. त्याला जोड मिळावी म्हणून २०२५ सालीं ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलींत सोडण्यांत आली. ती बळानें आणलेली. दोघांचा संसार झाला तर पिल्लें कोणत्या सदरांत पडतील, हें आम्हीं नातवाला गृहपाठ म्हणून दिलें आहे.

ही झाली ज्ञानचर्चा. वहिनींच्या केळीचा प्रश्न राहिलाच. केळी म्हणजे चार खुंट. आमचें त्यावर पोट नाहीं. परंतु आमच्या घरामागच्या वाडींत एक म्हातारी राहते, तिचें एक एकराचें नाचणीचें आणि भाताचें शेत आहे. लेक पुण्यास, नातू घरीं. मागल्या वर्षीं कणसें भरलीं आणि एका रात्रींत गव्यांच्या कळपानें निम्मी नाचणी खाल्ली, निम्मी तुडविली. पंचनामा झाला, अर्ज गेला, रक्कम आली. पण उशिरा, आणि बाजारभावाच्या मानानें थोडी. रागाच्या भरांत नातवानें घरांतली वीज थेट तारेंत सोडण्याचा बेत केला. तो तंत्रशाळेंत शिकलेला, त्याला तें अवघड नव्हतें. म्हातारी रात्रीं आमच्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सांगा. माझं आईकंना."

आम्ही कंदील घेऊन गेलों. त्याला कायद्याचें भय आधीं घातलेंच, पण तें पुरलें नाहीं. मग त्याला विचारलें, "पहाटे तुझी आजी गवताला जाते, ती कोणत्या वाटेनें जाते?" तो बराच वेळ तारेकडे पाहत राहिला. शेवटीं त्यानेंच ती उतरविली. पुढें सरकारी अनुदानांतून सौर कुंपण मिळालें. त्यांतला विजेचा झटका सेकंदाला एकदां, क्षणाच्याहि अंशापुरता येतो. दाब हजारों व्होल्टांचा, पण इतक्या थोड्या वेळाचा कीं जनावर दचकतें, मरत नाहीं. मात्र त्याची एक अट आहे. तारेला गवत टेंकलें कीं वीज जमिनींत उतरते आणि तार थंड पडते. आमच्या पावसांत गवत रात्रींतून वीतभर चढतें. म्हणून म्हातारी रोज सकाळीं विळा घेऊन तारेखालचें गवत कापते. आफ्रिकेंतला मालक कुंपणाची फेरी करतो आणि आमची म्हातारीहि. फरक इतकाच कीं त्याचें कुंपण जनावर आंत ठेवण्यासाठीं, हिचें बाहेर ठेवण्यासाठीं.

पुतण्यास उत्तर लिहावयास आम्ही काल बसलों होतों. वहिनींनीं निरोप सांगितला कीं, त्या मालकाच्या बायकोला विचार, तिला रात्रीं झोंप लागते का. तो तसाच्या तसा घातला आहे.

आज सकाळीं फिरावयास निघालों तेव्हां म्हातारी तारेखालीं वांकलेली होती. "रात्रीं आला होता काय?" आम्हीं विचारलें.

"आलता की," ती म्हणाली, "एकटाच. तारंपतुर आला, फुरफुरला, आन् ऱ्हायला उभा. लई येळ."

"मग?"

"मग काय, म्या बी ऱ्हायले उभी." आणि ती पुन्हां गवत कापूं लागली.